सांबऱ्यावरचं शिकाऊ विमान हवेत थांबल्यासारखं का वाटतं?

बेळगावच्या सांबरा विमानतळाभोवती मुतगा, मोदगा, बाळेकुंद्री, होन्नीहाळ या शिवारात काम करणाऱ्यांना हे आता रोजचं झालंय. एक छोटं विमान डोक्यावर येतं, नाक जरा उंच धरून, आणि इतकं सावकाश सरकतं की बघणाऱ्याच्या जिवाची घालमेल व्हावी. बांधावरचं कोणीतरी म्हणतंच, "इंजिन बंद पडलं काय की गा त्याचं!" मे २०२३ मध्ये एक प्रशिक्षण विमान खरोखरच होन्नीहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं होतं, त्यामुळे लोकांची शंका अगदीच उगाच नाही. पण बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत चालू असतं आणि तो सावकाशपणा मुद्दाम केलेला असतो.

याला वैमानिक स्लो फ्लाइट म्हणतात. शिक्षक विद्यार्थ्याला जमिनीपासून दोन-तीन हजार फूट वर नेतो, थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा मागे घ्यायला लावतो, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा म्हणजे फ्लॅप खाली सोडायला लावतो आणि सांगतो की आता उंची न घालवता विमान जितकं हळू नेता येईल तितकं न्यायचं. मग त्याच वेगात डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, थोडं चढायचं, थोडं उतरायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचे हात, पाय, डोळे आणि कान एकदम कामाला लागतात, कारण या वेगात विमान नेहमीसारखं वागत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उतरण्यासाठी. विमान उतरवणं म्हणजे धावपट्टीवर दोन-चार फुटांवर केलेली स्लो फ्लाइटच असते. फरक इतकाच की तिथे चूक सुधारायला खाली हवा उरलेली नसते. म्हणून तीच गोष्ट आधी उंचावर करून घ्यायची. ज्याला वर हळू उडता येत नाही त्याचं उतरणं नशिबावर चाललेलं असतं, मग शंभर वेळा उतरला असला तरी.

वेग नव्हे, कोन

विमानाचा पंख उचल देणं कधी थांबवतो? "वेग कमी झाला की" हे उत्तर शाळेत चालून जाईल, पण ते अर्धंच खरं आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यात एक कोन असतो. वेग कमी झाला की तितकंच वजन पेलायला हा कोन वाढवावा लागतो, म्हणून हळू उडणाऱ्या विमानाचं नाक वर दिसतं. हलक्या विमानांच्या पंखांत साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत हे चालतं. त्यापुढे पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, भोवरे उठतात आणि उचल कोसळते. हा स्टॉल.

हवा पंखाला चिकटते कशी आणि सुटते कशी, याचा पाया १९०४ मध्ये जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी घातला. पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ थर असतो आणि सगळी गंमत त्या थरात चालते, हे त्यांनी दाखवलं. या प्रांटलांच्या हाताखाली गटिंगेनला डॉक्टरेट केलेले एक गृहस्थ आपल्या बाजूचे होते. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म हसूरचंपूचा. संकेश्वरहून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलं की ते गाव फार लांब नाही. पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी त्याचं पहिलं उड्डाण झालं. आपल्याकडच्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीनं हळू उडणं आणि स्टॉल या विमानावर शिकून घेतला. सीमाभागात घाटग्यांचं नाव फारसं कोणाच्या तोंडी नसतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तर मुद्दा कोनाचा. हा कोन म्हणजे नाक क्षितिजापासून किती वर आहे ते नव्हे. विमान सपाट दिसत असेल आणि झपाट्यानं खाली बसत असेल, तर हवा त्याच्या पंखांवर खालून येत असते. म्हणजे नाक सपाट असूनही कोन मोठा. उतरताना नेमकी हीच अवस्था येते. काचेतून सगळं ठीक दिसतं आणि पंख मात्र शेवटच्या दोन-तीन अंशांवर आलेला असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. वळणात विमान तिरकं होतं आणि उंची टिकवायची असेल तर पंखाला जास्त उचल द्यावी लागते. त्यामुळे स्टॉलचा वेगही वाढतो. ३० अंशांच्या तिरक्या वळणात तो फक्त ७ टक्के वाढतो, ४५ अंशांत १९ टक्के, पण ६० अंशांत थेट ४१ टक्के. सरळ उडताना ४८ नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ६८ नॉटवरच स्टॉल होईल. धावपट्टीच्या रेषेत येण्याचं शेवटचं वळण चुकून पुढे गेलेला वैमानिक विमान आणखी तिरकं करून, शिवाय रडर, म्हणजे शेपटीचा पायानं हलवायचा उभा पाटा, दाबून ते वळण "ओढून" घेऊ बघतो. जगभरात त्या एका वळणात माणसं गेली आहेत. वळण चुकलं तर सोडून द्यावं, पुन्हा फेरी मारावी. पेट्रोल काही सोन्याच्या भावाचं नसतं.

हळू जायला जास्त जोर

मोटार हळू करायची तर ॲक्सिलरेटर सोडतात. विमानही एका मर्यादेपर्यंत असंच वागतं. त्या मर्यादेखाली हिशेब उलटा होतो.

कारण असं. विमानाला मागे ओढणारा रोध दोन प्रकारचा आहे. एक, हवेत अंग घुसवल्यामुळे होणारा. तो वेगाबरोबर वाढतो. दुसरा, उचल निर्माण करण्याची किंमत म्हणून येणारा. तो वेग कमी होईल तसा वाढतो, आणि वेग अर्ध्यावर आला तर चौपट होतो. मध्ये कुठेतरी एक वेग असतो जिथे दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी भरते. त्याच्या बऱ्याच खाली गेलात की आणखी हळू जायला इंजिनाचा जोर कमी नाही, वाढवावा लागतो. शेतातून ऐकणाऱ्याला म्हणून विमान रेंगाळताना दिसतं आणि आवाज मात्र चढलेला ऐकू येतो.

हे विद्यार्थ्याच्या अंगात मुरलं नाही तर पुढे फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतारावर, घात होतो. धावपट्टी समोर आहे, विमान जरा खाली आलंय, वेगही कमी झालाय. मनातून वाटतं की नाक वर केलं तर विमान वर जाईल. पण त्या वेगात नाक वर केलं की कोन वाढतो, रोध वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान आणखी जोरात खाली बसतं. उपाय उलटा आहे. जोर द्यायचा, आणि गरज असेल तर नाक किंचित खाली करायचं. जमीन जवळ येत असताना नाक खाली करणं शरीराला पटत नाही. ते पटवून देण्यासाठीच दोन हजार फुटांवरची ती तालीम.

हळू उडताना आणखी एक भानगड असते. जोर जास्त, वेग कमी, नाक वर, अशा वेळी प्रोपेलरमुळे विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. सेसना आणि पायपर या नेहमीच्या शिकाऊ विमानांमध्ये वैमानिकाकडून बघितलं तर प्रोपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून उजवा पाय रडरवर सतत हलका दाबलेला हवा. आणि स्टॉलच्या जवळ एक पंख खाली गेला तर तो हातानं, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्टीनं (एलेरॉननं), उचलायचा नाही, पायानं सावरायचा. पडणाऱ्या पंखाचा एलेरॉन खाली केला की त्या भागातला कोन वाढतो आणि तोच पंख आधी हात टेकतो.

मीटर काय सांगतो आणि काय लपवतो

वेगाचा मीटर प्रत्यक्षात वेग मोजत नाही, समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. त्यातून दोन फसवणुकी होतात.

पहिली, नाक खूप वर असलं की हवा मोजणाऱ्या नळीत तिरकी शिरते आणि मीटर कमी दाखवतो. सेसना १७२ एस या मॉडेलमध्ये पूर्ण फ्लॅपवर स्टॉलचा आकडा मीटरवर ४० नॉट दिसतो. त्रुटी काढून टाकली की तोच वेग ४८ नॉट भरतो. फायनलचा वेग स्टॉलच्या १.३ पट धरतात म्हणून ४० ला १.३ नं गुणून ५२ नॉटवर फायनल करायला गेलेला माणूस खऱ्या अर्थानं फारच कमी शिलकीवर चाललेला असतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात कमी लांबीच्या धावपट्टीसाठीही ६१ नॉट दिलाय. हिशेब आपण करत बसू नये, पुस्तकातला आकडा घ्यावा.

दुसरी फसवणूक आपल्या बेळगावच्या उंचीची. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २,४९० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाणित तापमान १० अंश धरतात. एप्रिलमधल्या दुपारी ३६ अंश असतील तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी आपण सुमारे ५,६०० फुटांवर असतो. विरळ हवेत तोच दाब मिळवायला जास्त वेगानं जावं लागतं. मीटर ६५ नॉट दाखवत असताना विमान हवेतून प्रत्यक्षात सुमारे ७१ नॉटनं जात असतं. वेग नऊ टक्के जास्त; थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे साधारण अठरा टक्के जास्त.

यात खरा धोका अंतराचा नाही. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या समुद्रकाठी जो वैमानिक शिकलाय, त्याला सांबऱ्याला दुपारी फायनलवर जमीन नेहमीपेक्षा भराभर मागे जाताना दिसते. डोळा म्हणतो, वेग जास्त झालाय. नकळत हात स्टिक मागे घेतो. मीटर ५८, ५५ वर येतो, आणि पंखाला जमीन किती वेगानं पळतेय याच्याशी काही देणंघेणं नसतं. समुद्रकाठी ६५ तर बेळगावलाही ६५, तोच मीटरवरचा आकडा धरायचा. पाठीमागून वारा असला तरी हीच भूल पडते.

मीटरशिवाय आणखी एक इशारा असतो, आणि तो मला फार आवडतो. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढला की तिथला दाब घटतो, नळीतून हवा ओढली जाते आणि आत बसवलेली धातूची पत्ती वाजू लागते. वीज नाही, बटण नाही. पेटीतल्या सुराची पत्ती जशी हवेनं थरथरते तशीच ही. हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावाला, बेळगावला, हे वेगळं समजावायला नको. आधी बारीक, रडवेला सूर. कोन वाढत गेला की तो चढत जातो. त्या सुराच्या सुरुवातीला विमान धरून ठेवता आलं की हळू उडणं जमलं. पायपरच्या पंखाला मात्र बाहेर आलेली एक पत्र्याची जीभ असते. हवेनं ती वर ढकलली की विजेचा स्विच लागून भोंगा वाजतो किंवा दिवा लागतो. काम तेच, पण चढत्या सुराची मौज त्यात नाही. आहे किंवा नाही, एवढंच तो सांगतो.

एका विमानाची सवय दुसऱ्याला चालत नाही

इथवर जे सांगितलं ते सगळ्या विमानांना लागू आहे. पण प्रत्येक विमानाचा हळूपणा वेगळा, आणि म्हणून प्रत्येकाचं उतरणंही. दीडशे तास एकाच विमानावर घालवलेला माणूस स्वतःला वैमानिक समजत असतो. बऱ्याचदा तो त्या एका विमानाचाच वैमानिक असतो.

सेसना १७२ पासून सुरुवात करू. १९५५ पासून आजवर ४४ हजारांच्या वर बनलेलं, जगात सगळ्यात जास्त संख्येनं तयार झालेलं हे विमान. पंख डोक्यावर, फ्लॅप मोठे आणि परिणामकारक. फ्लॅप सोडले की नाक वर यायला बघतं. आणि उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद केला, पूर्ण फ्लॅप असले, पुढे दोघेच बसलेले असले, की नाक चांगलंच जड लागतं. शेवटच्या क्षणी स्टिअरिंग पोटापर्यंत ओढावं लागतं. ज्याला ही ओढ माहीत नसते तो विमान सपाटच टेकवतो किंवा पुढचं चाक आधी आपटतो. पुढचं चाक वजन झेलण्यासाठी नसतं. आपटलं की विमान उसळतं, मग उड्या सुरू होतात, आणि तिसऱ्या उडीत प्रोपेलर जमिनीला लागतो. मागची दोन चाकं आधी, पुढचं चाक शेवटी, हे घोकून घ्यावं.

या विमानाचा दुसरा स्वभाव गो-अराउंडमध्ये, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, दिसतो. पूर्ण फ्लॅप, उतरण्यासाठी लावलेला ट्रिम (हातावरचा ताण कमी करणारी चकती), आणि अचानक पूर्ण जोर दिला की नाक एकदम आकाशाकडे जातं. तेव्हा जोर लावून नाक खाली धरायचं आणि फ्लॅप लगेच २० अंशांवर घ्यायचे. जुन्या मॉडेलांत फ्लॅप ४० अंशांपर्यंत जात. ऐंशीच्या दशकात ते ३० वर आणले. ४० अंशांवर ते विमान उतरायला सुरेख होतं, पण तेवढे फ्लॅप घेऊन पुन्हा चढायचं म्हटलं की नाकी नऊ यायचे.

आता पायपर चेरोकी आणि तिची भावंडं. पंख खाली. फ्लॅपला वीज नाही, दोन सीटांच्या मधला दांडा हातानं ओढायचा. १०, २५, ४० अंश अशा तीन खाचा. शेपटीचा आडवा भाग अख्खाच्या अख्खा हलतो. जुन्या चेरोकीचे पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचे. सत्तरच्या दशकातल्या वॉरियरपासून ते टोकाकडे निमुळते झाले. या विमानाचा स्टॉल इतका सौम्य की धोका तिथेच आहे. नाक धाडकन पडत नाही. नाक वरच राहतं, विमान थरथरत खाली बसत जातं, आणि उंचीचा काटा बघितला नाही तर कळतही नाही. जुन्या सारख्या रुंदीच्या पंखांवर पूर्ण फ्लॅप सोडून, वेग कमी ठेवून, थ्रॉटल बंद केला तर हे विमान फारच उभं खाली येतं. नीट सांभाळायचं तर जोर टेकेपर्यंत थोडा राखावा.

पंख वर आणि पंख खाली यांतला खरा फरक शेवटच्या मीटरभरात कळतो. जमिनीलगत पंखाच्या टोकाचे भोवरे पुरते फिरू शकत नाहीत आणि उचलीपायी येणारा तो दुसरा रोध घटतो. पंख जमिनीपासून त्याच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या एक चतुर्थांश उंचीवर असेल तर हा रोध सुमारे २४ टक्के कमी होतो. एक दशांशावर असेल तर जवळजवळ ४८ टक्के. सेसनाची चाकं टेकत असताना पंख दोन मीटरांच्या वर असतो. पायपरचा साधारण मीटरभरावर, आणि पंखाची लांबी सेसनाची नि निमुळत्या पंखांच्या पायपरची ११ मीटरांच्या आसपास. गणित तुम्हीच करा. थोडा जास्त वेग घेऊन आलेला पायपर म्हणूनच तरंगत सुटतो. सेसनाच्या सवयीनं त्याला जोरात मागे ओढलं तर तो पुन्हा दहा फूट वर जातो, आणि आता वेगही नसतो. तिथे थ्रॉटल द्यावा आणि जावं. ओढाताण करू नये.

टेकनाम पी२००८ सारखी नवी दोन सीटांची विमानं वेगळ्याच वळणाची. रोटॅक्सचं छोटं इंजिन, भरलेलं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. १७२ एस भरून ११५७ किलोपर्यंत जातं. वजन कमी म्हणजे साठवलेली ताकदही कमी: थ्रॉटल बंद केला की वेग बघता बघता गळतो. जड विमानात जोर काढून निवांत तरंगत यायची सवय लागलेल्यानं इथे पाच फुटांवर तसं केलं तर विमान खाली आदळेल. आणि पावसाळी वाऱ्याचा प्रत्येक झोत त्याला जाणवतो.

डायमंड डीए-४० याच्या उलट टोकाला. लांब, सडपातळ पंख, गुळगुळीत अंग, रोध फार थोडा. पाच नॉट जास्त घेऊन आलात तर ते खाली बसायचं नावच घेत नाही. तिथे शिस्त वेगाची: ठरलेला आकडा आधीच, लांबूनच धरायचा, कारण शेवटी तो झटकून टाकता येत नाही. पुढचं चाक मोकळं फिरणारं असतं, त्यामुळे हळू झाल्यावर दिशा ब्रेकनं सांभाळावी लागते. रडरच्या भरवशावर आलेले नवखे धावपट्टीवर वेलांट्या काढत जातात.

एनसीसीच्या हवाई शाखेतल्या मुलांनी दोन्ही टोकं बघितलीत. झेनएअर सीएच-७०१ या मायक्रोलाइटच्या, म्हणजे अगदी हलक्या विमानाच्या, पंखापुढे कायमची बसवलेली एक फट असलेली पट्टी असते. तिच्यामुळे हवा मोठ्या कोनातही चिकटून राहते आणि ते विमान मोटारसायकलला लाजवेल इतकं हळू उडतं. पण जोर काढला की त्याच अवजड रोधामुळे ते खाली येतं ते उभंच. त्यानंतर आलं पिपिस्ट्रेलचं व्हायरस. भारतानं २०१५ मध्ये अशा १९४ विमानांचा करार केला. या घराण्यातली विमानं एक किलोमीटर उंचीवरून इंजिनाशिवाय सतरा किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतात. सीएच-७०१ वर शिकलेला हात व्हायरस घेऊन फायनलवर आला तर अख्खी धावपट्टी पायाखालून निघून जाताना बघत बसेल.

एचटी-२ आणि १९५८ मध्ये उडालेलं, पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांना दिलेलं कापडी पंखांचं पुष्पक, यांना पुढे चाकच नव्हतं; तिसरं चाक शेपटीखाली. अशा विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. टेकताना जरा तिरकं असलं की मागचा भाग पुढे यायला धावतो आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं. म्हणून ते पूर्ण स्टॉलच्या काठावर आणून तिन्ही चाकांवर एकदम बसवायचं. त्या पिढीचे वैमानिक विमान थांबेपर्यंत पाय रडरवरून काढत नसत. आजच्या मुलांना ही सवय कोणी सक्तीनं लावत नाही, हे माझ्या मते नुकसानच आहे.

लांब धावपट्टीचे लाड

सांबऱ्याचा तळ १९४२ मध्ये रॉयल एअर फोर्सनं बांधला. आज त्याची धावपट्टी २,३०० मीटर आहे, पूर्व-पश्चिम दिशेला थोडी तिरकी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा लागला की बेळगाव शहराकडे तोंड करून उतरतात. समुद्रसपाटीला, वारा नसताना, नीट पद्धतीनं उतरवलेली सेसना १७२ एस टेकल्यावर १७५ मीटरांत थांबते. म्हणजे इथे दहा-बारा सेसना एकामागोमाग उतरून थांबाव्यात एवढी जागा.

ही चैन शिकणाऱ्याच्या मुळावर येते. दहा नॉट जास्त घेऊन आलात, चारशे मीटर तरंगलात, तरी समोर मैलभर डांबर शिल्लक. कोणी ओरडत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत "चांगलं उतरणं" अशी नोंद होते, कारण ते हळुवार टेकलं. हळुवार टेकणं आणि योग्य जागी, योग्य वेगात टेकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लांब धावपट्टी पहिलीला दुसरीचे गुण देऊन टाकते. माझं स्पष्ट मत आहे की सांबऱ्यासारख्या ठिकाणी शिक्षकानं धावपट्टीवरचा एक ठरावीक पट्टा दाखवावा आणि त्याच्या पुढे चाकं टेकली तर ते उतरणं धरू नये, कितीही मऊ असो.

रुंदीचाही असाच घोळ. मोठ्या विमानांसाठी बांधलेली रुंद धावपट्टी जवळून बघताना आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटतं, आणि माणूस लवकर फ्लेअर करतो, म्हणजे नाक उचलून उतार मोडतो; विमान पाच-सहा फुटांवर स्टॉल होऊन आपटतं. रुंदीची सवय झालेला माणूस एखाद्या अरुंद पट्टीवर गेला की उलट होतं. आपण अजून उंच आहोत असं वाटत राहतं आणि जमीन अचानक येते. इथला उपाय जुनाच: नजर नाकाच्या टोकावर नव्हे, धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे.

वाऱ्याच्या झोतांसाठी मात्र थोडा जास्त वेग घेणं बरोबर आहे, आणि त्याचं मोजमाप ठरलेलं आहे: झोतानं वारा जितका वाढतो त्याच्या निम्मा. वारा १५ नॉट आणि झोत २५ चे, तर फरक दहाचा, म्हणून पाच नॉट जास्त. जुलैमध्ये घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात अनेकजण भीतीनं पंधरा-वीस वाढवतात आणि मग तरंगताना आडव्या वाऱ्यानं बाजूला सरकत जातात.

नव्या प्रकारच्या विमानावर पहिल्यांदा बसणाऱ्यानं थेट सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाभोवती मारायच्या ठरावीक फेरीत, घुसू नये. सांबऱ्याहून निघालात तर उंचीचा काटा साडेपाच हजारांवर आला की खाली तीन हजार फूट हवा मिळते. तिथे आधी फ्लॅपशिवाय हळू उडून बघावं, मग फ्लॅपची एकेक पायरी घेऊन. नाक कुठे जातं, ट्रिम किती फिरवावा लागतो, इशारा किती नॉटला वाजतो, हे मांडीवरच्या कागदावर लिहावं. मग स्टॉल, फ्लॅपसह आणि शिवाय. मग फायनलचा वेग धरून उतरायला लागावं, आणि एखादा गोल आकडा, समजा पाच हजार फूट, हीच जमीन आहे असं मानून तिथे फ्लेअर करावं, थ्रॉटल बंद केल्यावर वेग किती लवकर गळतो ते मोजावं, आणि लगेच पूर्ण जोर देऊन गो-अराउंड करावं. नाक किती जोरात वर येतं, खाली धरायला किती ताकद लागते, फ्लॅप आत घेताना किती फूट जातात, हे सगळं तिथेच कळतं. कागदावर हे पाच-सहा आकडे आले की टॉवरला सांगून सर्किटमध्ये यायला हरकत नाही.